पावसाळी माप

बिशान, सिंगापूर
सोमवार, ९ जून २०२५

चि. संजू यास,

ताईचा आशीर्वाद. नको असला तरी घे, परत पाठवायची सोय नाही. आम्ही इकडे बरे आहोत. तुम्ही तिकडे बरे असाल असं धरून चालते, कारण मला कोणी काही कळवत नाही. माझ्या भावजयीच्या, चैत्रालीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, तेही मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तिला म्हणावं, जिना चढू नकोस.

कागदावर लिहून फोटो काढून तुझ्या फोनवर टाकते आहे. माझी शाळा पाचवीची. फोनवर टाईप करायला बसले तर एका ओळीला अर्धा तास लागतो. बोलून पाठवलं असतं, पण या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरात शिंकलं तर बेडरूममध्ये बाळ उठतं. आणि मी बोललेलं तू पुरं ऐकणार नाहीस, हेही मला माहीत आहे. वाचशील. आप्पा म्हणायचे ना, संजूला औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय राहवत नाही.

मी इथे येऊन पाच आठवडे झाले. अमेयला मुलगी झाली. ऋचा नाव ठेवलं. तीन महिन्यांची आहे, नाक आपल्या आईसारखं बसकं. मी तेल लावते, अंघोळ घालते. सूनबाई गार्गी आधी पाण्यात थर्मामीटर घालते, मग मला बाळाला हात लावू देते. मी काही बोलत नाही. म्हणजे पहिले आठ दिवस बोलले, मग सोडून दिलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. मला लांबण लावता येत नाही.

प्लास्टिकवर मारलेल्या रंगाला तडे गेले तर काय करायचं? गाडीचं बॉनेट आहे, पण पत्र्याचं नाही. आणि गाडी बर्फावर चालणारी. स्नोमोबाईल म्हणतात. पुढे सायकलसारखं हँडल, खाली चाकांच्या जागी घसरायच्या पट्ट्या. हसू नकोस. या गावात बाराही महिने घाम निथळतो, तर लोकांनी एका बंद हॉलमध्ये मशीन लावून बर्फ पाडलाय. तिकीट काढून स्वेटर घालून आत जातात. तिथे ही गाडी उभी करून ठेवलीय. चालत नाही, पोरं बसून फोटो काढतात. आत उणे पाच.

तुला वाटेल, हिचा याच्याशी काय संबंध. दुपारी बाळ आणि गार्गी झोपतात तेव्हा मी चालायला जाते. घराच्या मागे पंधरा मिनिटांवर सिन मिंग म्हणून भाग आहे, सगळी गॅरेजंच गॅरेजं. पहिल्याच आठवड्यात तिथून जाताना थिनरचा वास आला आणि माझे पाय आपोआप वळले. एका गाळ्यात एक माणूस पत्र्याच्या खड्ड्यांत भरलेली लांबी घासत होता. बोटांनी नाही, तळव्याने घासत होता, आप्पा शिकवायचे तसं. मी उभी राहिले. त्याने स्टूल पुढे सरकवलं. लिंगम नाव. तंजावरकडचा, पंचावन्नचा असेल, चोवीस वर्षं इथे आहे. त्याआधी तीन वर्षं भोसरीत होता, म्हणून मोडकं हिंदी येतं. मला दीदी म्हणतो. मी रोज जाऊन तासभर बसते. अमेयला माहीत नाही. त्याला वाटतं मी बागेत बसते.

तर त्या बर्फगाडीचं बॉनेट लिंगमकडे रंगवायला आलं. लाल. २८ मेला रंगवून दिलं, आरशासारखं झालं होतं. पाच दिवसांत परत आलं. सगळीकडे तडे. तळं आटल्यावर चिखल फुटतो तसे. लिंगमने तडे घासले, लांबी भरली, वरून परत मारलं, पाठवलं. तीन दिवसांत परत. आता त्याचा मालक, मिस्टर गोह म्हणून चिनी माणूस आहे, तो चिडलाय. इथे शाळांच्या सुट्ट्या चालू आहेत, हॉल पोरांनी भरलेला, आणि ती गाडी तोंडाशिवाय उभी आहे. हॉलवाले मिस्टर गोहला बोलतात, मिस्टर गोह लिंगमला. पुढच्या महिन्यात लिंगमचं इथे काम करायचं परमिट नवं करायचं आहे. मालकाने सही केली तर होतं, नाही तर सामान बांधायचं. मिस्टर गोहने साफ सांगितलं, तिसऱ्यांदा तडकलं तर सही नाही.

लिंगमला कळत नाही चूक कुठे झाली. डबे परत परत वाचतो. प्रायमर बघतो, थिनर हुंगतो.

तुला यातलं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. दोन ओळी कळव. मंगळवारी, म्हणजे १७ तारखेला, दुपारी बाराला हॉलचा टेम्पो यायचा आहे.

बाकी ठीक.

तुझी,
ताई


बिशान
गुरुवार, १२ जून

चि. संजू,

अकरा वर्षांनी तुझं उत्तर आलं आणि त्यात चार शब्द. "हार्डनर कोणी घातलं? किती?"

घरची खुशाली लिहिली असतीस तर बोटं झिजली नसती.

कोणी घातलं म्हणजे काय. पेंटरने घातलं. डब्यावर लिहिलंय तेवढं घातलं. रंगावर चकाकीला मारायचं क्लिअर दोन पेले, त्यात सुकवायचं हार्डनर एक पेला. मी तुला तडे कसे बुजवायचे ते विचारलं होतं, पंचनामा करायला सांगितला नव्हता.

असो. इथलं सांगते. मंगळवारपासून लिंगम ते बॉनेट घासतोय. पाण्यात भिजवून पाणीपेपर, आधी जाड, मग बारीक. सगळं काढत नाही. तडा जिथे दिसतो तिथलं काढतो, बाकीचं ठेवतो, कारण बाकीचं चांगलं आहे असं त्याला वाटतं. मी स्टुलावर बसून बघते. काल म्हणाला, "दीदी, क्लिअर तो बराबर है ना, तो नीचे का प्रॉब्लेम है." मी म्हटलं, असेल.

बुधवारी मिस्टर गोह आला. बुटका, पायात स्लीपर, गळ्यात चष्मा. मला आंटी म्हणतो, मी लिंगमची कोणी नातेवाईक आहे असं त्याला वाटतं. लिंगमसमोर उभा राहून बॉनेटवर नखाने टकटक करत राहिला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "Twenty-four years, lah. Now you forget how to paint?" मला इंग्रजी कुठे येतं, पण एवढं कळलं. लिंगम म्हणाला, "Sorry, boss. My mistake."

त्याची चूक नाही, संजू.

आता लिहिलंय तर पुढचंही लिहिते. त्या दिवशी, २८ मेला, लिंगम लाल रंग मारून गाळ्याबाहेर पडला होता. मालकाच्या गाडीतून एक दरवाजा पोचवायला गेला. जाताना म्हणाला, "दीदी, देखना, हाथ मत लगाना." बाहेर पाऊस पडत होता, आत सगळं दमट. चार वाजता हॉलचा टेम्पो येणार होता. अडीच वाजून गेले, तीन वाजले, लिंगमचा पत्ता नाही. क्लिअर अजून मारायचं राहिलेलं. मला बसून राहवेना. तुला माहीत आहे, दूध उतू जाईपर्यंत वाट बघायची मला सवय नाही. मी उठले, रंग फवारायची गन हातात घेतली, दोन कोट मारले. हात विसरला नव्हता. कडेपासून कडेपर्यंत एका श्वासात, आप्पांसारखं.

तो आला. बॉनेट बघितलं, मला बघितलं. गालातल्या गालात हसला. मग विचारलं, "कितना डाला?" मी म्हटलं, डब्बे के हिसाब से.

संपलं. एवढंच.

मालकाला त्याने सांगितलं की त्यानेच मारलं. मी पाहुणी म्हणून आलेली, माझ्या हातात गन होती हे कळलं असतं तर दोघांच्याही अंगाशी आलं असतं. इथे टुरिस्टने काम करायचं नसतं. पैसे घेतले की नाही ते कोणी विचारत नाही.

घरात एक वेगळाच त्रास सुरू झालाय. परवा अंघोळीच्या वेळी गार्गी म्हणाली, "आई, तुमच्या हातांना कसला वास येतो? पेट्रोलसारखा?" मी म्हटलं, बागेतल्या बाकाला रंग दिलाय. तिने बाळाला माझ्या हातातून घेतलं, माझ्यापुढे साबण ठेवला आणि निघून गेली. तिचं नाक आणि तुझं डोकं, दोन्ही सारखीच. मी दोनदा हात धुतले. बेसनाने धुतले, लिंबाने धुतले. आई मला असंच धुवायला लावायची, आठवतं? पाहुणे बघायला यायचे त्या दिवशी.

ते जाऊ दे.

तू डोकं चालव आणि सांग, खालपर्यंत सगळं न खरवडता काही उपाय आहे का? वेळ नाही. आणि परत मला तोच प्रश्न विचारू नकोस.

ताई


बिशान
मंगळवार, १७ जून, संध्याकाळ

संजू,

माझ्या फोनवर दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलंस. उत्तर दिलं नाहीस. दिलं नाहीस ते बरं केलंस.

दोन टोपणं जास्त घातली.

डब्यावरच्या मापाच्या वर हार्डनरची दोन टोपणं. आप्पांचं पावसाळी माप. इस्लामपुरात जुलै-ऑगस्टमध्ये रंग सुकायचा नाही तेव्हा आप्पा म्हणायचे, घाला दोन टोपणं, गिऱ्हाईक थांबत नाही. आणि तू म्हणायचास, आप्पा, सुकतो लवकर पण काच होते त्याची. तू एकटाच म्हणायचास. मी सिंगापुरात बाहेर पाऊस बघितला, आत दमट हवा बघितली, आणि माझ्या हाताने बापाचं माप घातलं. डोक्याला विचारलंच नाही. आणि ते बॉनेट जायचं कुठे, तर बर्फात. प्लास्टिक आकसलं, वरची काच कुठे आकसते? फुटली.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. परत आलेलं बॉनेट बघितलं त्या मिनिटाला. तुला पत्र लिहिलं तेव्हाही कळलेलं होतं. तडे कसे बुजवायचे ते मला येतं, संजू. एवढ्या वर्षांत तेवढं शिकले आहे. मला वेगळंच विचारायचं होतं आणि मी बॉनेटचं विचारत बसले.

लिंगम वरवरचं घासून परत मारत होता, कारण मी त्याला सांगितलं की क्लिअर बरोबर आहे. खालचा फुटका थर तसाच. त्यावर देवाने येऊन रंग मारला असता तरी तडकला असता. म्हणजे पहिल्यांदा मी रंग बिघडवला आणि पुढे रोज स्टुलावर बसून त्याची दुरुस्ती बिघडवली.

शुक्रवारी मी एक केलं. गाळ्यात जुन्या बंपरचे तुकडे पडलेले असतात, त्यातला एक लाल उचलला. मधोमध चिकटपट्टी लावली. एका बाजूला डब्याच्या मापाने क्लिअर, दुसऱ्या बाजूला आप्पांच्या. का केलं? माझी मलाच खात्री करायची होती. आणि खरं सांगू, मनात अजून एक आशा होती की दोन्ही बाजू चांगल्या निघतील आणि मी सुटेन. तुकडा पिशवीत घालून घरी आणला, तीन दिवस मागच्या बाल्कनीत उपड्या पातेल्याखाली वाळवला. काल सकाळी फ्रीजरमध्ये ठेवला. जागा कुठे होती? गार्गी बाळासाठी स्वतःचं दूध काढून छोट्या पिशव्यांत गोठवते, वर तारखा घालते. त्या पिशव्यांच्या मागे ठेवला.

दुपारी तिने फ्रीजर उघडला.

मी भाकरी थापत होते. ती आली आणि तो लाल तुकडा ओट्यावर ठेवला. म्हणाली, "आई, हे काय आहे? माझ्या दुधाशेजारी हे काय आहे?" मी तोंड उघडायच्या आत तिने रागाने तो तुकडा दोन्ही हातांनी वाकवला. पापड मोडल्यासारखा आवाज आला. अर्धी बाजू नुसती वाकली. अर्ध्या बाजूवर जाळं झालं तड्यांचं.

मी त्या जाळ्याकडे बघत राहिले. तव्यावरची भाकरी जळली. मग तिथेच खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. गॅरेज, लिंगम, गन, टोपणं, परमिट. बाकावरच्या रंगाचं खोटंही. ती ओरडली नाही. आधी सगळ्या दुधाच्या पिशव्या बाहेर काढल्या आणि एकेक सिंकमध्ये ओतून दिली. नऊ पिशव्या. मी बघत होते. मग हात पुसून म्हणाली, "त्या माणसाला माहीत आहे?"

"नाही."

"मग माझ्याशी काय बोलता? त्याला सांगा."

संध्याकाळी अमेय आला. तो वेगळंच बोलला. "आई, तू पाहुणी म्हणून आली आहेस. मालकाने तक्रार केली तर तुला परत यायला देणार नाहीत. माझ्या नोकरीच्या पासावर प्रश्न येईल. गप्प बस. शनिवारचं तिकीट काढतो, घरी जा. तो पेंटर त्याचं बघून घेईल."

गार्गी म्हणाली, "काय बघून घेईल? उद्या बाराला ते परत जाणार आणि परत तडकणार."

"तुला काय पडलंय त्या माणसाचं?"

"मला नाही पडलं. तुला पण नाही पडलेलं, तेच बोलतेय."

मी म्हटलं, भांडू नका, बाळ उठेल. अमेय माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आई, आपण इथवर कसे आलो ते तुला माहीत आहे. रंगाच्या एका डब्यासाठी सगळं घालवू नकोस."

आपण इथवर कसे आलो. त्याला काय माहीत. त्याला एवढंच माहीत आहे की बापाने गॅरेज चालवलं, बाप गेल्यावर आईने गाळा विकला आणि त्यात त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आणि इथे यायचं झालं. गॅरेज बापाकडे कसं आलं ते त्याला कोणी सांगितलं नाही. सांगणारे दोघंच. एक मी. एक तू.

आता ते लिहिते. हात थांबायच्या आत लिहिते.

डॉक्टरीणबाईंची पांढरी फियाट. त्र्याण्णव साल, नोव्हेंबर. तेव्हा ते दोन डब्यांचं नवं क्लिअर नुकतंच आपल्याकडे आलं होतं आणि ते फक्त तूच मारायचं, असं आप्पांनी ठरवलं होतं. मी गन धरायचे ते पडद्यामागे. गिऱ्हाईक आलं की मी आत. त्या दिवशी दुपारी मला बघायला पाहुणे येणार होते आणि तू त्यांना आणायला एसटी स्टँडवर गेलास. क्लिअर मारायचं तसंच ठेवून गेलास. गाडी आपल्या दारात उभी, ओली, वास मारणारी. मला वाटलं पाहुणे यायच्या आत ही सुकली पाहिजे आणि बाजूला गेली पाहिजे. कडक ऊन होतं, कोरडी हवा. तरी मी दोन टोपणं जास्त घातली. मग आईने माझे हात बेसनाने धुतले, लिंबाने धुतले, मी साडी नेसले.

तू पाहुण्यांना घेऊन आलास. गाडी बघितलीस. पोह्यांच्या बशा न्यायला आत आलास तेव्हा मला हळूच विचारलंस, "ताई, किती घातलंस?" एकदाच विचारलंस. मी म्हटलं, डब्यावर आहे तेवढं.

डिसेंबरात डॉक्टरीणबाई गाडी घेऊन महाबळेश्वरला गेल्या. आल्या तेव्हा बॉनेटवरचा रंग फुटलेला होता. तू जाळं बघितलंस आणि तुला कळलं. तू आप्पांना एका शब्दाने सांगू शकला असतास की क्लिअर ताईने मारलं. तू सांगितलं नाहीस, कारण माझं निशिकांतशी लग्न ठरलं होतं, आणि मुलगी गॅरेजात गन धरते हे त्याच्या घरच्यांना कळलं असतं तर मोडलं असतं. आप्पांनी तुला थोबाडीत मारली. गन तुझ्या हातातून काढून घेतली. मी पडद्यामागे होते, संजू. पडदा हिरवा होता, खाली जळलेला. मी त्या जळक्या भोकातून बघितलं.

माझं लग्न होईपर्यंत तू गप्प राहिलास. लग्न झालं. मग तू माझी वाट बघितलीस. मला माहीत होतं तू वाट बघतो आहेस. दर दिवाळीला जेवायला बसलो की तू माझ्याकडे बघायचास आणि मी म्हणायचे, संजू, चकली घे. आज सांगू, उद्या सांगू. तोवर आप्पांनी निशिकांतला गन दिली, मग गॅरेज दिलं. मग सांगायचं म्हणजे नवऱ्याच्या ताटातलं काढून द्यायचं. आप्पांच्या तेराव्याला तू शेवटचं माझ्याकडे बघितलंस. मी वाढत होते. त्यानंतर तू बघायचंच सोडलंस. लोकांना वाटतं तू गॅरेजवरून रुसलास. मिरजेत बॅटरीच्या दुकानात बॅटऱ्यांत पाणी घालणारा माझा भाऊ गॅरेजवरून रुसेल होय?

एवढं कबूल. आता आजचं.

सकाळी दहाला मी निघाले. अमेय ऑफिसला गेला होता. जाताना "आई, प्लीज" एवढंच म्हणाला. गार्गीने बाळाला पोटाशी बांधलं आणि म्हणाली, "चला. तुम्हाला इंग्रजी येत नाही, भलतंच कबूल करून याल."

मिस्टर गोह टेबलाशी कॉफी पीत होता. लिंगम बॉनेटला शेवटची पॉलिश करत होता. लाल, चकचकीत, आरसा. मी तो तुकडा टेबलावर ठेवला. गार्गी बोलणार तेवढ्यात मीच बोलले. रात्रीपासून घोकलं होतं. म्हटलं, "Hardener me. Lingam no."

मिस्टर गोहने चष्मा चढवला. तुकडा उलटासुलटा केला. लिंगमला हाक मारली. आणि लिंगम काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "No, boss. I do. Auntie only sit."

मला असा राग आला. म्हटलं, गप रे. मराठीतच म्हटलं. फळीवरून हार्डनरचा डबा काढला, पेला घेतला, डब्याच्या मापाने पाणी भरलं, मग टोपणाने वर दोनदा घातलं. एक. दोन. मिस्टर गोहच्या समोर. लिंगमच्या समोर. बाळाला उचकी लागली तेवढाच आवाज.

मग गार्गी बोलली, भराभर, चांगलं दहा मिनिटं. मधे मिस्टर गोहने मला विचारलं, "Auntie, you tourist?" मी मान हलवली. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "You know what can happen to me or not? To him?" गार्गीने मला मराठीत सांगितलं. मी म्हटलं, त्यांना सांग, मला माहीत आहे, म्हणूनच मी तीन आठवडे गप्प होते, आणि म्हणूनच आज आले. गार्गीने सांगितलं की नाही कोण जाणे.

त्याने हॉलवाल्यांना फोन लावला आणि आणखी पाच दिवस मागितले. मग स्वतः उठून घासायचा पेपर घेतला आणि त्या चकचकीत बॉनेटवर मधोमध एक ओरखडा ओढला. म्हणाला, "Take out everything. Until plastic." प्लास्टिक दिसेपर्यंत खरवडायचं. प्लास्टिकवर धरणारा प्रायमर, क्लिअरमध्ये लवचिक राहायचं औषध, हार्डनर डब्याप्रमाणे, आणि देण्याआधी खालच्या खानावळीच्या फ्रीजरमध्ये एक तुकडा ठेवून बघायचं. हे सगळं तू मला दोन ओळींत सांगितलं असतंस. आधी खरं विचारायला हवं होतं मी.

परमिटचं गार्गीने तोंडावर विचारलं. मिस्टर गोह म्हणाला, सही करतो. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ही बाई परत माझ्या गाळ्यात पाय ठेवणार नाही. बरोबर आहे त्याचं. तक्रार करणार नाही असंही म्हणाला. शब्द पाळेल का ते मला माहीत नाही. अमेयलाही माहीत नाही, तो ऑफिसातून आल्यापासून माझ्याशी बोललेला नाही.

निघताना मी लिंगमपाशी गेले. वाटलं होतं, सुटला म्हणून हसेल. पेपर पाण्यात बुडवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दीदी, मैंने आपको पूछा था. एक बार पूछा था."

त्याने स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

घरी येताना गार्गी म्हणाली, "तुम्ही आधी सांगितलं असतंत तर त्याने खोटं बोलायचं कारणच नव्हतं." मी म्हटलं, हो. मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "उद्या अंघोळ तुम्ही घाला. थर्मामीटर मी घालेनच."

शनिवारी, २१ला, माझं विमान आहे. रविवारी इस्लामपूर. आप्पांची गन माझ्याकडे आहे. निशिकांत गेल्यावर सगळं विकलं, ती विकली नाही. ट्रंकेत आईच्या लुगड्यात बांधलेली आहे. नळी सडली असेल, वॉशर बदलावा लागेल, बाकी चांगली आहे.

सोमवारी ती घेऊन मिरजेला येते. घरी येणार नाही, दुकानात येणार. चैत्रालीसमोर दार लावून, चहा पिऊन, डोळे पुसून सांगण्यातली ही गोष्ट नाही. तुला मारलं तेव्हा डॉक्टरीणबाई होत्या, त्यांचा ड्रायव्हर होता, समोरचा पानवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती. पाच माणसं. मी दुकानाबाहेर उभी राहीन. आत पाच गिऱ्हाइकं झाली की येईन आणि सांगेन. तुला लाज वाटली तर मागे गोडाऊनमध्ये जाऊन थांब. मीही तेव्हा मागेच होते.

गन घ्यायची की नाही ते तू ठरव. माफ कर असं मी लिहीत नाही. लिंगमला म्हणता आलं नाही ते तुला कुठल्या तोंडाने म्हणू?

याला उत्तर पाठवू नकोस. तू एकदा विचारलं होतंस, तेवढं पुरे झालं.

दोन टोपणं जास्त घालणारी,
साधना